चाकांवरचे वीजघर

विजेवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजिन कशाला हवे? प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो, पण मोटारउद्योगात सध्या त्यावर गंभीरपणे विचार चालू आहे. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २०२२ मध्ये ‘एफ-१५० लाइटनिंग’ हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक बाजारात आणला. डिसेंबर २०२५ मध्ये तिने त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या आवृत्तीत इंधनावर चालणारे एक जनित्र गाडीवरच असेल, असे सांगितले. ‘रॅम’ या दुसऱ्या अमेरिकी ट्रकच्या निर्मात्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अशाच रचनेचा आराखडा मांडला होता. त्यात ९२ युनिट, म्हणजे ९२ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी होती आणि सहा सिलिंडरच्या ३.६ लिटर पेट्रोल इंजिनाला जोडलेले १३० किलोवॅटचे जनित्र होते.

या रचनेचा मुख्य विशेष असा की इंजिनाचा चाकांशी यांत्रिक संबंध नसतो. इंजिन जनित्र फिरवते, जनित्र वीज तयार करते, ती वीज बॅटरीला किंवा थेट मोटरीला जाते आणि चाके फक्त मोटर फिरवते. विद्युतमंडलाच्या भाषेत सांगायचे तर इंजिन, जनित्र आणि मोटर ही एकसर जोडणी आहे. ज्या संकरित गाड्यांत इंजिन आणि मोटर दोन्ही चाकांच्या दांड्याला जोर लावू शकतात, ती समांतर जोडणी. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल.

एकसर जोडणीची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याने तर ती निरनिराळ्या रूपांत पाहिली आहे. भोसरी आणि चाकण या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये, पुणे-नाशिक महामार्गावर मोशी आहे. तिथून सुटे भाग वाहणारे टेम्पो आणि पिकअप दिवसभर ये-जा करीत असतात. अशा गाडीवर जनित्र बसवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातून बरेचसे मिळते. त्यासाठी सुरुवात मात्र व्हिएन्नापासून करावी लागेल.

शिशाचे ओझे

इ. स. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात व्हिएन्नातील लोहनर या गाड्या बांधणाऱ्या कंपनीने विजेवर चालणारी एक मोटार मांडली. तिचा अभियंता होता तरुण फर्डिनांड पोर्शे. त्याने पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांतच मोटरी बसवल्या होत्या, त्यामुळे गिअर, साखळी किंवा पट्टा यांची गरजच उरली नव्हती. अडचण होती ती बॅटरीची. एका इंग्रज ग्राहकासाठी पोर्शेने चार मोटरींची गाडी तयार केली, तेव्हा तिच्या शिसे-आम्ल बॅटरीचेच वजन सुमारे १८०० किलो भरले.

हे वजन कुठून येते, ते पाहू. शिसे-आम्ल बॅटरी एका किलोमागे साधारण ३० वॅट-तास ऊर्जा साठवते. म्हणजे एक युनिट साठवायला सुमारे ३३ किलोची बॅटरी हवी. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२ युनिट उष्णता मिळते. लहान इंजिन आणि जनित्र मिळून त्यातला चौथा हिस्सा विजेत बदलू शकले, तर ३ युनिट वीज हाती येते. म्हणजेच एक किलो पेट्रोल १०० किलो शिशाच्या बॅटरीचे काम करते. पोर्शेच्या काळातली इंजिने याहून बरीच कमी कार्यक्षम होती, तरीही पेट्रोलच्या बाजूचे पारडे जडच राहते.

पोर्शेने हा हिशेब ओळखला. १९०० मध्येच त्याने ‘सेंपर व्हिव्हुस’ नावाची गाडी तयार केली. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘सदैव जिवंत’. तिच्यात बॅटरी लहान केली होती आणि दोन छोटी पेट्रोल इंजिने दोन जनित्रे फिरवीत होती. मोटरींना लागेल तेवढी वीज वापरून उरलेली बॅटरीत जात असे. पल्ला वाढवणारे जनित्र गाडीवर आले ते असे.

पण गोष्ट इथे थांबली नाही. १९०१ पासून तयार झालेल्या ‘मिक्स्ट’ या गाडीत पोर्शेने पुढे एक मोठे इंजिन बसवले, त्याला जनित्र जोडले आणि बॅटरी आणखी कमी केली. आता इंजिन गाडी चालू असेपर्यंत चालूच राहायचे. बॅटरीचा मदतनीस म्हणून आलेले जनित्र एका वर्षात मालक झाले होते आणि वीज उरली होती ती इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेण्यापुरती. एकाच रचनेची ही दोन टोके आहेत. एका टोकाला जनित्र क्वचित चालते, दुसऱ्या टोकाला ते कायम चालते. या लेखात पुढे ज्या गाड्या येणार आहेत, त्यांची जागा याच दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी आहे.

रस्त्यावर ही रचना तेव्हा टिकली नाही. फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रास संपला. साध्या पेट्रोल मोटारीसमोर दुहेरी यंत्रणेची महागडी गाडी मागे पडली. रुळांवर मात्र तिला दीर्घायुष्य लाभले.

पुणे स्टेशनात तार संपते तेव्हा

कल्याण ते पुणे या लोहमार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारास पूर्ण झाले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी त्यामुळेच विजेच्या इंजिनाने घाट चढू लागली. डोक्यावरच्या तारेतून १५०० व्होल्ट दाबाचा दिष्ट प्रवाह मिळे. ती तार पुण्यात संपत असे. पुढे दौंड किंवा मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांना पुण्यात इंजिन बदलावे लागे. आधी तिथे वाफेचे इंजिन लागायचे, नंतर डिझेलचे.

हे ‘डिझेल इंजिन’ खरे तर विजेचेच इंजिन होते. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या रचनेची डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्यातले २६०० अश्वशक्तीचे सोळा सिलिंडरी डिझेल यंत्र एक मोठे जनित्र फिरवीत असे आणि त्या विजेवर आसांना जोडलेल्या सहा मोटरी चालत. म्हणजे पुणे स्टेशनात इंजिन बदलले, तरी चाके दोन्हीकडे विद्युत मोटरीच फिरवीत होत्या. मुंबईच्या बाजूला वीजघर दूर होते आणि वीज तारेने येत होती. मिरजेच्या बाजूला वीजघरच गाडीबरोबर चालत होते.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. डिझेल यंत्र अगदी कमी फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही, उलट विद्युत मोटर स्थिर असतानाच सर्वांत जास्त पीळ देते. हजारो टनांची गाडी जागची हलवताना हाच गुण हवा असतो. एवढी शक्ती पेलणारा क्लच आणि गिअरबॉक्स बनवणे अवघड, म्हणून जनित्र आणि मोटर यांची जोडीच गिअरबॉक्सचे काम करते. मोठ्या उघड्या खाणींतल्या कित्येक प्रचंड डंपरांतही हीच रचना आढळते.

या इंजिनात गाडी ओढण्यासाठी बॅटरी नव्हती. असलेली बॅटरी केवळ यंत्र सुरू करण्यापुरती आणि दिव्यांसाठी. त्यामुळे उतारावर मोटरींचा ब्रेकसारखा वापर केला, तर तयार होणारी वीज साठवायला जागाच नसे, ती रोधकांत जाळून उष्णतेच्या रूपाने हवेत सोडावी लागे. डिझेल-विद्युत इंजिन म्हणजे पोर्शेच्या ‘मिक्स्ट’चे मोठे भावंड, जनित्र कायम चालवण्याच्या टोकाचे. तारेची सोय नसलेल्या मार्गावर ते योग्यच होते. तार पुढे गेली, तशी त्याची गरज कमी झाली.

कारखान्याच्या मागच्या अंगणातले जनित्र

जनित्राचे दुसरे टोक पुणेकरांना रेल्वेपेक्षाही ओळखीचे आहे. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची, कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची. डिझेल यंत्रे आणि त्यांवर चालणारे जनित्र-संच यांसाठी पुणे देशभर ओळखले जाऊ लागले. या धंद्यात संचाची क्षमता सांगण्याच्या दोन रीती आहेत: ‘प्राइम’ म्हणजे सतत चालवण्यासाठी आणि ‘स्टँडबाय’ म्हणजे वीज गेली तरच चालवण्यासाठी. भोसरीतल्या लहान वर्कशॉपच्या मालकालाही हा फरक पक्का ठाऊक असतो, कारण त्याचे पैसे त्यात गुंतलेले असतात. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि संच त्यातून तीन-साडेतीन युनिट वीज देतो. ही वीज मंडळाच्या विजेपेक्षा नेहमीच महाग पडते. म्हणून स्टँडबाय संच जितका कमी चालेल, तितका तो चांगला. त्याची किंमत आपण मोजतो ती युनिटांसाठी नाही, तर काम न थांबण्याच्या खात्रीसाठी.

२००६ मध्ये या हिशेबाचा प्रयोग सबंध शहरावर झाला. महाराष्ट्रात तेव्हा विजेचा मोठा तुटवडा होता आणि भारनियमन सर्वत्र चालू होते. पुण्याच्या वाट्याची तूट सुमारे ९० मेगावॅट होती. सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेने सुचवले की कारखान्यांनी आपापले बंद पडून असलेले जनित्र-संच गरजेच्या तासांत चालवावेत, म्हणजे त्यांच्या वाट्याची जाळ्यातली वीज शहराला मिळेल. डिझेलच्या विजेचा जो जास्तीचा खर्च येईल, तो ग्राहकांवर थोडा थोडा वाटावा आणि कमी वीज वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळावे. राज्य वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि ‘पुणे मॉडेल’ या नावाने ही योजना देशभर चर्चेत आली.

थोडी महाग वीज मोजक्या तासांसाठी वापरायची आणि तिचा भार बाकीच्या स्वस्त विजेवर पसरायचा, हे या योजनेचे सार होते. तूट काही तासांची होती म्हणूनच ते परवडले. तेच संच चोवीस तास चालवावे लागले असते, तर ग्राहकांनीच नको म्हटले असते. पल्ला वाढवणाऱ्या जनित्राचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे. रोजचे किलोमीटर जाळ्यातल्या स्वस्त विजेवर आणि क्वचित येणारे लांबचे किलोमीटर महाग पेट्रोलच्या विजेवर, असा तो सौदा आहे.

पिंपरीतले प्रयोग

गाडीवरच्या जनित्राचे आधुनिक प्रयत्न पाहताना पिंपरी-चिंचवडचे नाव दोन-तीनदा येते. आधी समांतर जोडणीचा प्रयत्न पाहू. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला. रस्त्यावरच्या जुन्या मोटारीलाच मोटर आणि बॅटरी जोडायची आणि इंजिनाचा भार हलका करायचा, अशी ती कल्पना. मात्र वापरातल्या गाड्यांवर असे संच बसवण्याचे नियम निघेपर्यंत २०१६ उजाडले आणि रेव्होलो बाजारात रुजला नाही.

एकसर जोडणीकडे टाटा मोटर्सने लक्ष दिले. मार्च २०१२ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कंपनीने ‘मेगापिक्सेल’ ही चार आसनी नमुना-मोटार मांडली. भारत, इंग्लंड आणि इटली येथील तिच्या आराखडाकारांनी मिळून ती तयार केली होती. चार चाकांत चार मोटरी, लिथियम-आयन फॉस्फेट बॅटरी आणि ती भारित करायला ३२५ घनसेंटिमीटरचे छोटे पेट्रोल इंजिन. पोर्शेची चाकातली मोटर एकशेबारा वर्षांनी पुन्हा अवतरली होती. ही मोटार नमुन्यापुरतीच राहिली. पण २०१८ मध्ये टाटा मोटर्सने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला वांद्रे-कुर्ला संकुलासाठी डिझेल-संकरित २५ बसगाड्या दिल्या, त्या एकसर जोडणीच्याच होत्या. शहरी बसला दर थांब्यावर ब्रेक लावावा लागतो. त्या वेळी मोटर जनित्रासारखी चालवून मिळालेली वीज बॅटरीत साठवता येते, म्हणजे रेल्वे इंजिनात हवेत जाणारी ऊर्जा इथे परत वापरता येते.

बावीस ग्रॅमचा हिशेब

मेगापिक्सेलबद्दल कंपनीने काही आकडे दिले होते: केवळ बॅटरीवर पल्ला ८७ किलोमीटर, टाकी भरलेली असेल तर एकूण पल्ला ९०० किलोमीटर, आणि कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला फक्त २२ ग्रॅम. शेवटचा आकडा वाचून कोणीही चकित होईल. तो कसा निघू शकतो, हे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल.

युरोपात त्या काळी अशा गाड्यांसाठी एक ठरलेले सूत्र होते. गाडी आधी बॅटरीच्या पूर्ण पल्ल्याएवढी चालते, मग बॅटरी संपल्यावर सरासरी २५ किलोमीटर इंजिनाच्या विजेवर चालते आणि पुन्हा भारित होते, असे त्यात धरले जाई. बॅटरीवरच्या अंतराचा गाडीतून निघणारा धूर शून्य. हेच सूत्र इथे लावले असे धरू. मग एकूण अंतर ८७ अधिक २५, म्हणजे ११२ किलोमीटर. त्यातला इंजिनाचा हिस्सा ११२ पैकी २५, म्हणजे सुमारे २२ टक्के. सरासरी २२ ग्रॅम येत असेल, तर इंजिन चालू असतानाचे उत्सर्जन किलोमीटरला सुमारे ९९ ग्रॅम असले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यावरून ती गाडी इंजिनाच्या विजेवर लिटरला सुमारे २३ किलोमीटर जाते. ९०० मधून ८७ वजा केले, तर उरलेल्या ८१३ किलोमीटरना ३५ लिटर पेट्रोल लागेल, आणि लहान मोटारीची टाकी एवढीच असते. आकडे एकमेकांशी जुळतात.

म्हणजे २२ ग्रॅम हा आकडा खोटा नव्हता, पण तो यंत्राचा गुण म्हणून वाचला तर फसगत होते. त्यात यंत्राइतकेच माणसाच्या सवयीचेही मोजमाप आहे. मालक रोज रात्री गाडी भारित करतो, हे त्यात गृहीत धरले आहे. त्याने ती कधीच भारित केली नाही, तर तीच गाडी ९९ ग्रॅमची होते. शिवाय जाळ्यातली वीज कोळशापासून आली असेल, तर तिचा धूर औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो आणि या सूत्रात तो कुठेच दिसत नाही.

सवयीचे हे गृहीतक किती चुकू शकते, याचा पुरावा नंतर मिळाला. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांतल्या इंधनमापकांची माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. प्लगने भारित करता येणाऱ्या संकरित मोटारींचे रस्त्यावरचे उत्सर्जन प्रमाणपत्रातल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. या बहुतेक समांतर किंवा मिश्र जोडणीच्या गाड्या होत्या, पण धडा दोन्हींना लागू आहे. पेट्रोलची टाकी हाताशी असली की लोक प्लग लावायचा कंटाळा करतात.

छोटा हत्ती आणि नाशिकचा रस्ता

आता पिकअपकडे येऊ. १९८८ मध्ये तेव्हाच्या टेल्कोने पुण्यात ‘टाटामोबाईल’ हा देशी बनावटीचा पिकअप तयार केला. मे २००५ मध्ये ‘टाटा एस’ आला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केलेल्या या गाडीत ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरी डिझेल इंजिन होते. महाराष्ट्राने तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले आणि कारखान्यांच्या पट्ट्यात ती घरोघरची झाली. मे २०२२ मध्ये तिची विजेवरची आवृत्ती आली: २१.३ युनिटांची बॅटरी, २७ किलोवॅटची मोटर, ६०० किलो माल आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. तिच्यावर जनित्र नाही.

ते असावे का? आपणच हिशेब करू. १५४ किलोमीटरना २१.३ युनिट म्हणजे किलोमीटरला ०.१४ युनिट. पूर्ण माल, वाहतुकीची कोंडी आणि चढउतार धरून आपण ०.१८ घेऊ. मग खरा पल्ला ११८ किलोमीटर येतो. मोशीहून चाकण पंधरा-एक किलोमीटर, भोसरी त्याहून जवळ. दिवसात तीन फेऱ्या झाल्या तरी बॅटरी पुरते. पण मोशी ते नाशिक सुमारे १९० किलोमीटर. एखाद्या दिवशी नाशिकचे भाडे आले, तर काय?

आजच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत, आवरणासह, किलोमागे सुमारे १३० वॅट-तास साठतात असे धरू. एका युनिटाला ७.७ किलो बॅटरी लागली. २०० किलोमीटर पल्ला वाढवायला ३६ युनिट, म्हणजे २७७ किलोची आणखी बॅटरी हवी. सहाशे किलो माल नेणाऱ्या गाडीत हे जवळजवळ निम्मे ओझे झाले. त्याऐवजी इंजिन आणि जनित्र मिळून ९० किलोचा संच बसवला, तर किलोमागे ३ युनिटांच्या हिशेबाने १२ किलो पेट्रोल पुरेल. एकूण १०२ किलो. जनित्र फार मोठेही लागत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाला सरासरी ९ किलोवॅट पुरतात. चढावर किंवा सुटताना लागणारी जास्तीची शक्ती बॅटरी देते. सरासरीची जबाबदारी जनित्राची आणि कमाल गरजेची बॅटरीची, ही वाटणी एकसर जोडणीचे खरे सौंदर्य आहे. लांब घाटात मात्र सरासरीच वाढते, आणि बॅटरी आधीच रिकामी असेल तर लहान जनित्राची गाडी रांगू लागते.

वाढीव पल्ला लहान असेल, तर निकाल उलटतो. ५० किलोमीटर वाढवायला बॅटरी लागते ६९ किलोची, आणि जनित्र-संच पेट्रोलसह ९३ किलोचा. दोन्ही पारडी समान होतात सुमारे ७० किलोमीटरवर. हेच गणित शिशाच्या बॅटरीने केले, तर समतोल १५ किलोमीटरवरच येतो. पोर्शेने १९०० मध्ये इंजिनाकडे का वळावे, आणि आज तसे वळण्याची घाई का नको, हे या दोन आकड्यांत दिसते. एक किलो पेट्रोल तेव्हा १०० किलो बॅटरीच्या बरोबरीचे होते, आज ते २३ किलोच्या बरोबरीचे आहे.

खर्चाचे काय? लिटरला शंभर रुपये धरले आणि लिटरमागे २.२ युनिट मिळाले, तर जनित्राची वीज युनिटला ४५ रुपयांना पडते. जाळ्यातली वीज दहा रुपयांची धरली, तर किलोमीटरचा खर्च एकीकडे १ रुपया ८० पैसे आणि दुसरीकडे सुमारे ८ रुपये. जनित्रावर ही गाडी लिटरला बारा किलोमीटर जाते. साधा छोटा पेट्रोल टेम्पोही याला हार जाणार नाही, कारण त्याच्यात शक्तीचे आधी विजेत आणि मग पुन्हा गतीत असे दुहेरी रूपांतर नसते. म्हणून रोज नाशिक करणाऱ्या टेम्पोवर हे जनित्र म्हणजे तोट्याचा धंदा आहे, कधीच नाशिकला न जाणाऱ्या टेम्पोवर ते फुकटचे ओझे आहे, आणि महिन्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याला मात्र ते उपयोगी पडू शकते.

बॅटरी सुधारते तशी जनित्राची गरज कशी ओसरते, याचे एक चांगले उदाहरण जर्मनीत घडले. बीएमडब्ल्यूची ‘आय-३’ ही मोटार २०१३ मध्ये २२ युनिटांच्या बॅटरीसह आली. ज्यांना भीती वाटे, त्यांच्यासाठी ६४७ घनसेंटिमीटरचे, मूळ स्कूटरवरचे इंजिन जनित्रासह बसवून मिळे. त्याच जागेत मावणारी बॅटरी २०१६ मध्ये ३३ आणि २०१८ मध्ये ४२ युनिटांची झाली, आणि २०१८ मध्ये युरोपात जनित्राची आवृत्ती बंद झाली. अमेरिकी पिकअपची गोष्ट वेगळी आहे. तो मोठा ट्रेलर ओढत महामार्गावर वेगाने जातो आणि तेव्हा त्याचा विजेवरचा पल्ला जवळजवळ निम्मा होतो. तो भरून काढायला ९२ युनिटांची आणखी एक बॅटरी लावली, तर वर काढलेल्या दरानेच सातशे किलो वजन वाढते. तिकडे जनित्राचा विचार पुन्हा सुरू झाला तो यामुळे. तेथील उत्तर आपल्या छोट्या हत्तीला जसेच्या तसे लागू पडत नाही.

टाटा मोटर्सने जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ हा आणखी लहान मालवाहू टेम्पो आणला. त्याच्या विजेवरच्या आवृत्तीत १४.४ युनिटांची बॅटरी आहे आणि जनित्र नाही. सीएनजीच्या आवृत्तीत मात्र पाच लिटर पेट्रोलची टाकी आणीबाणीसाठी दिली आहे. पंपावर रांग असली किंवा गॅस संपला, तर गाडी अडू नये म्हणून. काही किलोंची ही टाकी स्टँडबायचे काम करते आणि तिच्यासाठी दुसरे यंत्र वाहावे लागत नाही. विजेच्या टेम्पोला असा हलका आधार नाही. त्याचा स्टँडबाय रस्त्यावरच उभा करावा लागेल: राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर अशा टप्प्यांवर जेवणाच्या वेळेत बॅटरी भरून देणारी केंद्रे. पुण्याची तार मिरजेपर्यंत पोचल्यावर डिझेल इंजिन जसे सुटले, तसेच हे आहे.

विद्यार्थ्यांना यावर एक प्रकल्प देता येईल. गावातल्या एखाद्या टेम्पोमालकाला विचारून महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहावेत आणि त्यांचा स्तंभालेख काढावा. शंभर किलोमीटरच्या वर गेलेले दिवस किती, वाटेत गाडी तासभर तरी कुठे उभी होती, आणि रात्री ती जिथे लावतात तिथे विजेची सोय आहे का, एवढ्या तीन नोंदी पुरेत. वरचे सूत्र घेऊन ०.१८ आणि ७.७ या आकड्यांच्या जागी वेगळे आकडे घालून पाहावेत. समतोलाचा बिंदू कसा सरकतो ते दिसेल. नवी गाडी कर्जाने घेणाऱ्या मालकालाही ती वही उपयोगी पडेल. जाहिरातीतल्या ९०० किलोमीटरपेक्षा त्याचे स्वतःचे तीस दिवस त्याला जास्त सांगतील.